आजारी मूल आणि घरातील कर्ते

मृगाचा पाऊस पडून गेला, की आठ-पंधरा दिवसांत गावोगावच्या दवाखान्यांचे ओटे आजारी मुलांनी भरू लागतात. कोणास जुलाब, कोणास खोकला, कोणास ताप, तर कोणाच्या अंगावर पुरळ. या दुखण्यांची आपणास इतकी सवय झाली आहे, की त्यांविषयी कोणी गंभीरपणे बोलू लागल्यास ऐकणाऱ्यास तो विनाकारण केलेला बाऊ वाटतो. ‘मुले म्हटली, की दुखणी-खुपणी चालायचीच’, असे म्हणून आपण मोकळे होतो; आणि बहुतेक वेळा हे म्हणणे खरेही ठरते. परंतु ज्या वेळी ते खरे ठरत नाही, त्या वेळी एक मूल जाते. मग शेजारीपाजारी जमतात, हळहळतात आणि म्हणतात, ‘चार तास आधी आणले असते तर!’ हे चार तास कोठे जातात, कोणामुळे जातात, व ते वाचवणे कोणाच्या हाती आहे, याचा विचार आज आम्ही वाचकांपुढे मांडू इच्छितो.

प्रथम एका जुन्या भ्रमाचे निरसन केले पाहिजे. मूल जगणे वा न जगणे हे कपाळीच्या रेषांवर अवलंबून असते, ही समजूत आपल्या समाजातून अद्याप पुरती गेलेली नाही. १४ जून १८०२ रोजी मुंबईत अ‍ॅना डस्टहॉल नामक तीन वर्षांच्या मुलीस देवीची लस टोचली गेली. या देशातील ती पहिली यशस्वी लस होय. देवीचा रोग म्हणजे मातेचा कोप, त्यास मनुष्य काय करणार, असे त्या काळी घरोघर मानले जात होते. तो कोप १९७५ साली या देशातून कायमचा गेला, १९७७ साली देश देवीमुक्त झाल्याचे जाहीर झाले, आणि १९८० साली साऱ्या पृथ्वीवरून त्या रोगाचे उच्चाटन झाल्याची घोषणा झाली. पोलिओची कथा त्याहून अलीकडची. त्याचा या देशातील शेवटचा रुग्ण जानेवारी २०११ मधील, आणि मार्च २०१४ मध्ये देशास पोलिओमुक्तीचे प्रमाणपत्र मिळाले. दैव बदलले म्हणून हे घडले काय? नाही. माणसांनी कारण शोधले, उपाय शोधला आणि तो दाराशी नेऊन पोहोचवला, म्हणून हे घडले. नमुना नोंदणी पाहणीनुसार २०२० साली देशात दर हजार जन्मांमागे २८ अर्भके वर्षाच्या आत दगावली, तर महाराष्ट्रात १६. देशाच्या मानाने आपला आकडा बरा आहे, यात संशय नाही. परंतु ज्या सोळा घरांतील पाळणे रिकामे झाले, त्यांस या तुलनेचे समाधान काय होय?

देवी गेली, पोलिओ गेला. उरली ती अगदी साधी वाटणारी दुखणी. त्यांचे साधेपणच त्यांस घातक करते, कारण साध्या दुखण्याने केव्हा उग्र रूप धरले, हे ओळखण्याकडे आपले लक्ष नसते. ही ओळख पटण्यास वैद्यकाची पदवी लागत नाही. घड्याळ, चमचा, तांब्या आणि सावध नजर एवढ्यावर ती पटते. ती कशी, हे एकेका आजाराच्या निमित्ताने सांगतो.

जुलाबाचाच विषय घ्या. जुलाब लागलेल्या मुलास पाणी देऊ नये, दिले तर ते खालून तसेच बाहेर पडते, म्हणून पोटास विसावा द्यावा, असा एक समज आपल्याकडे आहे. याहून उलटे ज्ञान दुसरे क्वचितच सापडेल! जुलाबाने मूल दगावते ते बहुधा अंगातील पाणी व क्षार निघून गेल्यामुळे. आणि जे निघून गेले तेच परत भरावयाचे नाही, असा हा हट्ट आहे. १९७१ साली पूर्व बंगालमधून आलेल्या निर्वासितांच्या बनगाव येथील छावणीत पटकीची भयंकर साथ पसरली होती. शिरेतून देण्याचे सलाईन संपत आले होते. अशा वेळी डॉक्टर दिलीप महालनबीस यांनी मीठ, ग्लुकोज व खाण्याचा सोडा यांचे प्रमाणात मिश्रण करून ते पाणी रुग्णांस तोंडाने पाजण्यास आरंभ केला. तेथे शेकडा ३० च्या आसपास गेलेले मृत्यूचे प्रमाण शेकडा ४ च्याही खाली आले. या हकिकतीतील आम्हांस सर्वांत महत्त्वाची वाटणारी गोष्ट निराळीच आहे. ते पाणी पाजणारे हात बहुतांशी डॉक्टरांचे नव्हते, परिचारिकांचेही नव्हते. ते रुग्णांच्या आयांचे, बहिणींचे, नातलगांचे होते. हेच पाणी आज ‘जलसंजीवनी’ या नावाने आरोग्य केंद्रात व आशाताईंकडे फुकट मिळते.

त्याचा वापर करावा तो असा. पुडीवर जेवढे पाणी सांगितले असेल तेवढ्याच स्वच्छ पाण्यात संपूर्ण पुडी विरघळवावी. अर्धी आज, अर्धी उद्या असे करू नये. तयार केलेले पाणी चोवीस तासांनी टाकून द्यावे. दोन वर्षांच्या आतील मुलास प्रत्येक जुलाबानंतर पाव ते अर्धा कप, त्याहून मोठ्यास अर्धा ते एक कप, चमच्याचमच्याने पाजावे. ओकारी झाली तर दहा मिनिटे थांबून पुन्हा, अधिक सावकाश, सुरू करावे. पुडी जवळ नसेल, तर एक लिटर पाण्यात सपाट भरलेले सहा लहान चमचे साखर व अर्धा लहान चमचा मीठ घालावे. पाण्याची चव डोळ्यांतील आसवांहून खारट लागता कामा नये. अंगावरचे दूध मुळीच तोडू नये. मोठ्या मुलास मऊ भात, मीठ घातलेली पेज, वरण यांपैकी जे रुचेल ते थोडेथोडे देत राहावे. आपल्या आज्या आजाऱ्यास पेज पाजीत असत, ते शास्त्रास धरूनच होते. जोडीस जस्ताच्या गोळ्या आरोग्यसेविकेने सांगितल्याप्रमाणे चौदा दिवस द्याव्यात. जुलाब तिसऱ्या दिवशी थांबले म्हणून गोळ्या थांबवू नयेत, कारण त्या पुढच्या दुखण्यापासूनही राखण करतात. बाजारात जलसंजीवनीसारखी दिसणारी गोड पेये मिळतात, त्यांपासून मात्र सावध असावे. ती पेये ‘ओआरएस’ हे नाव लावीत, आणि २०२५ साली अन्नसुरक्षेच्या केंद्रीय प्राधिकरणास त्यांवर बंदी घालावी लागली, यावरून हा घोटाळा किती वाढला होता हे दिसते. मुलाचे डोळे खोल गेले, रडताना आसवे येईनाशी झाली, लघवी फार कमी झाली, पोटावरील कातडीची चिमूट सोडल्यावर ती हळूहळू पूर्ववत होऊ लागली, मूल मलूल पडले, अथवा शौचात रक्त दिसले, तर घरातील उपचारावर विसंबू नये. वाटेत पाणी पाजीत पाजीतच दवाखाना गाठावा.

दुसरा आजार छातीचा. खोकला व सर्दी वर्षातून अनेकदा येते आणि आपल्या पायांनी निघून जाते. परंतु त्याच खोकल्यातून न्यूमोनिया केव्हा झाला, हे कसे ओळखावे? येथे गडचिरोलीचे उदाहरण प्रत्येक मराठी माणसाने अभिमानाने सांगावे असे आहे. डॉक्टर अभय व राणी बंग यांनी १९८८ सालापासून तेथील ५८ गावांत एक प्रयोग केला. गावातील आरोग्यसेवकांस व दायांस त्यांनी मुलाचे श्वास मोजावयास शिकवले आणि न्यूमोनियाचे औषध त्यांच्या हाती दिले. न्यूमोनियाने होणाऱ्या बालमृत्यूंचे प्रमाण तुलनेसाठी घेतलेल्या गावांच्या मानाने तेथे निम्म्याहूनही कमी झाले. १९९० साली हा वृत्तान्त ‘लॅन्सेट’ या विलायती वैद्यकीय पत्राने छापला. पुष्कळ दायांस साठपर्यंत अंक मोजता येत नसत. तेव्हा एक मिनिटाचे वाळूचे घड्याळ व मणी यांचे एक साधे यंत्र त्यांच्यासाठी तयार करण्यात आले. दर दहा श्वासांस एक मणी सरकवावयाचा, एवढेच काम! अक्षरओळख नसलेल्या स्त्रीने केलेले निदान मुले वाचवू शकले. मग ज्यांच्या मनगटावर घड्याळ आहे व खिशात दूरध्वनी आहे, त्यांनी ‘आम्हांस त्यातले काय कळते’ असे म्हणणे शोभत नाही.

मोजण्याची रीत अशी. मूल शांत असताना, शक्य तर निजलेले असताना, त्याचा अंगरखा वर करून छाती-पोट उघडे करावे आणि पूर्ण एक मिनिटभर श्वास मोजावेत. अर्धा मिनिट मोजून दुप्पट करू नये. दोन महिन्यांच्या आतील बाळाचे श्वास ६० वा अधिक, दोन महिन्यांपासून वर्षापर्यंतच्या बाळाचे ५० वा अधिक, आणि वर्षापासून पाच वर्षांपर्यंतच्या मुलाचे ४० वा अधिक भरले, तर तो नुसता खोकला नव्हे. त्यास त्याच दिवशी दाखवले पाहिजे. श्वास घेताना छातीचा खालचा भाग आत ओढला जात असेल, ज्यास घरातल्या बायका ‘बाळाचे पोट उडते’ असे म्हणतात, तर तासाचाही विलंब करू नये. ओठ वा जीभ निळसर दिसणे, कण्हणे, दूध ओढता न येणे ही त्याहूनही पुढची पायरी आहे.

तिसरा आजार गोवर. याविषयी आम्हांस जरा स्पष्ट बोलणे प्राप्त आहे. पुष्कळ घरांतून आजही गोवर म्हणजे देवीचे येणे मानतात. मुलास अंधाऱ्या खोलीत ठेवतात, औषध देत नाहीत, डॉक्टरांस बोलावीत नाहीत; ‘गोवर अंगात जिरता कामा नये, तो बाहेर पडला पाहिजे’ असे म्हणून वाट पाहतात. उशाशी कडुनिंबाचा डहाळा ठेवण्यास आमची हरकत नाही. त्याने कोणाचे नुकसान होत नाही. हरकत आहे ती वाट पाहण्यास. गोवरात प्रथम ताप, सर्दी, खोकला व लाल डोळे ही लक्षणे दिसतात. तीन ते पाच दिवसांनी कानामागून व चेहऱ्यावरून पुरळ उठू लागते आणि ते अंगभर उतरते. पुरळ उठण्याच्या चार दिवस आधीपासून ते नंतर चार दिवसांपर्यंत तो इतरांस लागतो. म्हणून अशा मुलास शाळेत वा अंगणवाडीत पाठवू नये, आणि घरातील तान्ह्या बाळापासून दूर ठेवावे. पुरळ मावळल्यावरही धोका संपत नाही. गोवराने अशक्त झालेल्या मुलास न्यूमोनिया, जुलाब व डोळ्यांचे विकार गाठतात, आणि मूल बहुधा त्यांनीच जाते. गोवर झालेल्या मुलास वयाप्रमाणे ‘अ’ जीवनसत्त्वाच्या दोन मात्रा, लागोपाठ दोन दिवस, आरोग्य केंद्रातून मिळतात. त्याने डोळे व प्राण दोन्ही वाचण्यास मदत होते. हा हक्क किती पालकांस ठाऊक आहे?

परंतु गोवरावरचा खरा उपाय तो होण्यापूर्वीचा आहे. नऊ महिने पूर्ण झाल्यावर एक आणि सोळा ते चोवीस महिन्यांच्या दरम्यान दुसरी, अशा दोन लशी सरकार विनामूल्य टोचते. २०२२ सालच्या अखेरीस मुंबईत गोवंडी व आसपासच्या दाट वस्तीत गोवराची जी साथ उसळली, तिने अनेक मुले नेली. लशीचा शोध लागून इतकी वर्षे लोटल्यावर, राज्याच्या राजधानीत, मोठमोठ्या रुग्णालयांच्या छायेत मुलांनी गोवराने मरावे, ही गोष्ट आम्हांस लाजिरवाणी वाटते. करोनाच्या काळात लसीकरण मागे पडले हे खरे. परंतु मागे पडलेले काम पुढे ओढून घेण्यास दारोदार जावे लागते, आणि ते काम जाहिरातीच्या फलकाने होत नाही. घटसर्प, डांग्या खोकला व धनुर्वात यांवरील लशीही त्याच कार्डावर लिहिलेल्या असतात. ते कार्ड घरातील दागिन्यांच्या डब्यात ठेवावे. त्याचे मोल दागिन्यांहून कमी नाही.

ताप हा स्वतः आजार नसून आजाराची वर्दी आहे. तापलेल्या मुलास गोधडीत गुंडाळून दारे-खिडक्या लावून घेणे चुकीचे आहे. अंगात सैल व पातळ कपडे असावेत, पाणी वरचेवर द्यावे. पॅरासिटामॉल वजनाच्या मानाने, दर किलोस १० ते १५ मिलिग्रॅम, दोन मात्रांमध्ये चार तासांहून कमी अंतर न ठेवता व दिवसातून चारहून अधिक वेळा नाही, असे द्यावे. अ‍ॅस्पिरीन मुलांस देऊ नये. कांजिण्या व फ्ल्यूमध्ये त्यापासून यकृत व मेंदू यांस विरळा पण भयंकर अपाय होतो. डेंग्यूच्या दिवसांत ताप उतरला म्हणून निश्चिंत होऊ नये. ताप उतरताना पोटात तीव्र दुखणे, सारख्या ओकाऱ्या, हिरड्यांतून वा नाकातून रक्त, हातपाय गार पडणे यांपैकी काही दिसले, तर तीच धोक्याची घटका होय. मुलास आकडी आली असता कांदा वा चप्पल हुंगवण्यात वेळ घालवू नये. त्यास कुशीवर निजवावे, तोंडात चमचा वा बोट घालू नये, पाणी पाजू नये, आणि तडक रुग्णालयात न्यावे. दोन महिन्यांच्या आतील बाळास ताप आला, अथवा त्याचे अंग गार पडले, तर घरी कोणताही प्रयोग करू नये.

एवढे सारे लक्षात राहणे कठीण वाटत असेल, तर चार गोष्टी तरी घरातील प्रत्येक माणसास पाठ असाव्यात. मूल दूध वा पाणी पिईनासे झाले. घेतलेले सर्व ओकून टाकू लागले. त्यास आकडी आली. अथवा ते गुंगीत जाऊन हाकेस ओ देईनासे झाले. आजार कोणताही असो, यांपैकी एक खूण दिसली, की रात्र, पाऊस, अमावास्या, पैसा यांपैकी काहीही आड येऊ देता कामा नये. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका विनामूल्य मागवता येते.

उशिराइतकाच दुसरा दोष उतावळेपणाचा आहे, आणि तो सुशिक्षितांत विशेष दिसतो. मेळघाटात पोट फुगलेल्या बाळास तापल्या विळ्याने चटके दिल्याच्या वार्ता अधूनमधून येतात, त्या वाचून शहरातील सुशिक्षित मनुष्य कानांवर हात ठेवतो. हा प्रकार क्रूर आहे, यात वाद नाही. परंतु त्याच सुशिक्षिताने आपल्या घरातील औषधांचे कपाट एकदा उघडून पाहावे. गेल्या वेळच्या आजारातून उरलेले प्रतिजैविक, शेजारणीने सुचवलेले खोकल्याचे औषध, दुकानदाराने चिठ्ठीवाचून दिलेली बाटली! सर्दी-पडशावर प्रतिजैविकाचा काडीइतका उपयोग नाही. उलट वारंवार दिल्याने जंतू त्यास दाद देईनासे होतात, व खरी गरज पडते तेव्हा ते निरुपयोगी ठरते. खोकल्याच्या औषधांविषयी तर २०२५ सालच्या दुर्घटनेनंतर अधिक सांगणे नको. मध्य प्रदेशातील छिंदवाडा जिल्ह्यात विषारी द्रव्य मिसळलेल्या खोकल्याच्या औषधाने वीसहून अधिक बालके मूत्रपिंडे निकामी होऊन दगावली; त्यांतील अनेकांस उपचारांसाठी आपल्या नागपुरात आणले होते. ज्यांनी ते औषध बनवले व ज्यांनी ते तपासल्यावाचून बाजारात येऊ दिले, त्यांचा जाब कायद्याने घ्यावा. परंतु दोन वर्षांच्या आतील मुलास खोकल्याची औषधे देऊच नयेत, व पाच वर्षांच्या आतही ती सहसा नकोत, हा केंद्र सरकारचा त्या वेळचा इशारा पालकांनीही ध्यानात धरावा. वर्षावरील मुलास कोमट पाणी व थोडा मध पुरे होतो. वर्षाच्या आतील बाळास मात्र मध चाटवू नये; जन्मतःच मध चाटवण्याची आपली चाल कितीही जुनी असली, तरी मधातील विशिष्ट जंतूंमुळे तान्ह्या बाळास पक्षाघातासारखा आजार होऊ शकतो. ‘एक सुई मारा, म्हणजे लवकर उठेल’ हा डॉक्टरांस केलेला आग्रहही सोडला पाहिजे. चांगला डॉक्टर तोच, जो सुई न देण्याचे कारण समजावून सांगतो.

आता आम्ही या लेखाच्या मर्माकडे वळतो. वर सांगितलेल्या सर्व खुणा कोणाच्या दृष्टीस प्रथम पडतात? मूल दूध ओढीनासे झाले, हे कोणास कळते? रात्री त्याचे पोट उडू लागले, हे कोण पाहते? मुलाची आई. अन् मुलास दवाखान्यात न्यावे की न न्यावे, हे ठरवते कोण? सासूबाई म्हणतात, दृष्ट लागली आहे, मीठ-मोहऱ्या ओवाळून टाका. सासरे म्हणतात, उद्या बाजाराचा दिवस आहे, जाता जाता दाखवू. नवरा परगावी असतो. घरी असला तरी पैसे त्याच्या खिशात आणि मत थोरल्यांच्या हाती. ज्या बाईने पहाटे चारला ओळखले, तिला दुपारी चारपर्यंत घरातील प्रत्येकाच्या तोंडाकडे पाहावे लागते. आम्ही आरंभी विचारलेले ते चार तास येथे जातात. अज्ञान हे उशिराचे एक कारण आहे. परंतु जी जाणते तिला अधिकार नाही, हे त्याहून मोठे कारण आहे, आणि त्याविषयी आरोग्याच्या कोणत्याही भित्तिपत्रकावर एक ओळही नसते.

ही गोष्ट नवी नाही. आनंदीबाई जोशी यांचे पहिले मूल अवघ्या दहा दिवसांत गेले, तेव्हा त्या चौदा वर्षांच्या होत्या. त्या दुःखातून वैद्यक शिकण्याचा निश्चय उपजला आणि १८८६ साली त्या फिलाडेल्फियाहून एम. डी. झाल्या. १८९७ च्या प्लेगात सावित्रीबाई फुले यांनी आजारी मुलास पाठीवर घेऊन आपल्या मुलाच्या, डॉक्टर यशवंतरावांच्या, दवाखान्यात नेले, आणि त्याच रोगाने त्या १० मार्च १८९७ रोजी गेल्या. आजारी मुलास उचलून चालू लागण्यासाठी त्यांनी कोणाच्या परवानगीची वाट पाहिली नाही. या दोघींच्या तसबिरी आज शाळाशाळांतून लागल्या आहेत. परंतु तसबिरीखाली बसून शिकलेल्या मुलीस स्वतःच्या तान्ह्या बाळास रात्री रिक्षात घालून नेण्याची मुभा घरात नसेल, तर त्या तसबिरींचा उपयोग काय?

कोणी म्हणेल, आयांचे मन हळवे असते. त्यांच्या हाती निर्णय दिला, तर शिंक आली तरी त्या दवाखान्यात धावतील. यास आमचे उत्तर असे, की म्हणूनच तर श्वास मोजावयास शिकवावे. ज्यास मोजता येते, तो विनाकारण घाबरत नाही आणि विनाकारण थांबतही नाही. दुसरे कोणी म्हणतील, वडीलधाऱ्यांचा मान राखला पाहिजे. अवश्य राखावा. मुलास मांडीवर घेणे, रात्री जागणे, पेज करणे, अंगावरच्या दुधासाठी सुनेस धीर देणे, या बाबतींत आजीहून मोठा गुरू नाही. नातवंडाचे श्वास आजीनेच मोजावेत, याहून उत्तम काय? वाद आजीशी नाही. वाद आहे तो ‘थांब जरा’ या दोन शब्दांशी. तिसरे म्हणतील, दवाखाना दूर आहे, गेले तरी डॉक्टर जागेवर नसतात, मग घाई करून लाभ काय? ही तक्रार मात्र खरी आहे, आणि तिचे उत्तर घराने द्यावयाचे नसून सरकारने द्यावयाचे आहे. ज्या प्राथमिक आरोग्य केंद्राची इमारत उभी आहे पण रात्री तेथे कुलूप असते, ते केंद्र कागदावरचे होय. लोकांनी ग्रामसभेत उभे राहून त्याचा जाब विचारावा.

तेव्हा आमच्या सूचना थोडक्यात अशा. ज्या घरात पाच वर्षांच्या आतील मूल आहे, तेथे सर्वांनी एकदा बसून आधीच ठरवून ठेवावे, की वर सांगितलेल्या खुणांपैकी एक दिसताच मुलाच्या आईने कोणासही न विचारता निघावे. आणि त्या कामापुरते पैसे तिच्या हाती निराळे असावेत. दुखण्याच्या वेळी वाद घालण्यापेक्षा निरोगी दिवसांत ठराव करणे सोपे असते. बापाने श्वास मोजणे व जलसंजीवनी कालवणे शिकावे. मूल दोघांचे आहे, तर जागरण एकटीचे का? शाळेत सातवी-आठवीच्या मुलांस व मुलींस, दोघांसही, या गोष्टी प्रत्यक्ष करून दाखवाव्यात. दवाखान्यातील डॉक्टरांनी उशिरा आलेल्या आईवर संतापण्याऐवजी तिला कोणी अडवले, हे विचारावे. रागावण्याने पुढचे मूल आणखी उशिरा येते. ग्रामपंचायतींनी घोषवाक्यांनी रंगवलेल्या भिंतींपैकी एखादी भिंत या चार खुणांस द्यावी, पाणी शुद्ध ठेवण्यास पावसाळ्यापूर्वीच हात घालावा, आणि गावातील आशाताईंचा मोबदला वेळेवर मिळतो की नाही, इकडे लक्ष पुरवावे. आजारातून उठलेल्या मुलास दोन आठवडे रोज एक जेवण जास्त द्यावे, हे शेवटचे पण विसरू नये असे. कारण आजार जातो, पण तो मागे ठेवून गेलेला अशक्तपणा पुढच्या आजारास वाट करून देतो.

यांपैकी एकाही गोष्टीस नवा शोध लागण्याची वाट पाहावयास नको, की मोठा निधी लागावयास नको. मिठाचे प्रमाण ठरले आहे, श्वासांचे आकडे ठरले आहेत, लशींचे महिने ठरले आहेत. घराघरांतून एक गोष्ट तेवढी ठरावयाची राहिली आहे: ज्या माउलीस आपले मूल बरे नाही हे सर्वांआधी कळते, तिचा शब्द त्या घटकेपुरता तरी घरात अखेरचा मानावयाचा की नाही. ‘मानावयाचा’, असे उत्तर जे घर देईल, त्या घरास आम्ही सुधारलेले म्हणू. मग त्या घरात पुस्तकांची कपाटे असोत वा नसोत.